वरणाच्या वाटीतलं विज्ञान : डॉ. कमला सोहोनी

अकोला म्हटलं की कापूस आठवतो आणि आठवतात डाळ मिल्स. पण डाळीतल्या प्रोटीन्सवर आयुष्यभर काम करणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञ बाई आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या सख्ख्या बहीण.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मार्क्स भरपूर होते, तरीही मुलगी म्हणून नकार आला! कमलाबाई मात्र हटल्या नाहीत. त्यांनी सरळ रामन यांना जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष केवळ परीक्षेचं आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. गुरू श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाई दूध आणि कडधान्यांतल्या प्रोटीन्सवर काम करू लागल्या. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

पुढे केंब्रिज! तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे पेशीतलं इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रोटीन. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या सर्किटमधला हा एक महत्त्वाचा दुवा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. (आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची जाडी आठवा!)

परदेशात न थांबता त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज आणि कुन्नूरची प्रयोगशाळा करत, १९४७ च्या लग्नानंतर त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवू लागल्या. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे घटक असतात आणि ते शिजवल्यावर बरेच कमी होतात. यावर त्यांनी विद्यार्थ्यांसोबत संशोधन केलं. नीरेचाही अभ्यास केला. ऊन चढलं की यीस्ट वाढून नीरा आंबते, पण ताजी असेल तर ती कुपोषित मुलांसाठी आणि गर्भवती बायकांसाठी स्वस्त पोषण ठरू शकते, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र पात्रता असूनही उशिरा मिळालं. म्हणजे केंब्रिजची डिग्री असली तरी रांग संपत नव्हती.

नंतर ग्राहक चळवळीतही त्यांनी भेसळ ओळखायच्या सोप्या पद्धती लोकांना शिकवल्या. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि पुढे त्यांचं निधन झालं.

आज लॅबमध्ये मुलगी दिसली तर कुणी वळूनही बघत नाही. ही साधी गोष्ट कुणीतरी एक वर्ष अपमान गिळून, काम करून मिळवली आहे. मेसच्या वरणाला नावं ठेवताना एवढं तरी आठवू या!