चतुर्थीचे यात्रिक : श्री मोरया गोसावी महाराज

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वेसाव्याच्या, म्हणजे आजच्या वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर तिथी हा केवळ पंचांगाचा विषय नाही. येथील कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या चंद्राकडे पाहून समुद्राची चाल ओळखत आले आहेत. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते व त्यास भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमेस मध्यान्हाच्या सुमारास येणारी भरती पुढे दररोज सुमारे पाऊण तासाने लांबत जाते व चतुर्थीस दुपारी तीनच्या आसपास येते. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटण्याची येथील प्रथा याच चांद्र गणनेवर उभी आहे.

भाद्रपदात याच किनाऱ्यावर श्रीगणेशाच्या मूर्तींचे विसर्जन होते, तेव्हा लहानथोरांच्या मुखी बाप्पांच्या नावाला जोडून मोरया हा शब्द असतो. हा मोरया कोण, असा प्रश्न अनेक भाविकांच्या मनात येतो. महिन्याच्या दोन चतुर्थींना आपले सर्व आयुष्य बांधून घेतलेल्या एका थोर गणेशभक्ताचे ते नाव आहे, अशी महाराष्ट्रातील श्रद्धा आहे. त्या श्री मोरया गोसावी महाराजांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व बालपण

महाराजांच्या पित्याचे नाव वामनभट व मातेचे नाव पार्वतीबाई. हे दांपत्य मूळचे बीदरकडील. पुत्रसंतान नसल्याने ते मोरगावी येऊन राहिले व श्रीमयूरेश्वराची उपासना करू लागले, असे परंपरा सांगते. पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदीच्या तीरावरचे हे मोरगाव अष्टविनायकांतील पहिले स्थान होय. देवाच्या कृपेने झालेला पुत्र म्हणून त्यांनी मुलाचे नावही देवाच्याच नावावरून मोरया असे ठेवले.

परंपरेने महाराजांचा जन्म इ. स. १३७५ मध्ये व समाधी शके १४८३, म्हणजे इ. स. १५६१ मध्ये मानली जाते. काही अभ्यासक मात्र त्यांचा काळ यापेक्षा बराच अलीकडचा, सतराव्या शतकापर्यंत येणारा, धरतात. त्यांचे पुत्र श्रीचिंतामणी महाराज हे संत तुकाराम महाराजांचे समकालीन असल्याच्या आठवणी व समाधिमंदिराच्या बांधकामाचा काळ हे या मताचे आधार आहेत. सनांविषयी असा मतभेद असला तरी महाराजांच्या आयुष्यातील तिथींविषयी मात्र परंपरा एकमुखाने बोलते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांनी आयुष्य तिथींवर जगून दाखविले, त्यांची आठवणही लोकांनी तिथींनीच जपली.

थेऊरचे अनुष्ठान

श्रीनयनभारती गोसावी यांच्याकडून महाराजांना अनुग्रह झाला. गुरूंच्या आज्ञेवरून ते मुळा-मुठेच्या काठी असलेल्या थेऊर येथे गेले व श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात त्यांनी ४२ दिवसांचे खडतर अनुष्ठान केले. अनुष्ठानाच्या काळात भगवंतांनी वाघाच्या रूपात दर्शन दिले, अशी आख्यायिका आहे. या अनुष्ठानाने त्यांना सिद्धी प्राप्त झाली, असे भाविक मानतात.

सिद्धी मिळाल्याची वार्ता पसरताच मोरगावी लोकांची रीघ लागली. कोणी रोग घेऊन, कोणी संसाराची विवंचना घेऊन येई. महाराजांनी कोणास विन्मुख पाठविले नाही. परंतु उपासनेस लागणारा एकांत मात्र उरला नाही. मातापित्यांच्या निधनानंतर त्यांनी मोरगाव सोडले आणि ताथवड्याच्या परिसरातील रानात व पुढे पवना नदीच्या काठी चिंचवड येथे येऊन ते राहिले. पुढे त्यांचा विवाह उमाबाईंशी झाला व त्यांस चिंतामणी नावाचा पुत्र झाला. गोसावी हे नाव धारण करूनही त्यांनी प्रपंच टाकला नाही, हे विशेष होय.

चतुर्थीचा नेम

जन्मस्थान सुटले तरी मयूरेश्वर सुटावयाचा नव्हता. म्हणून महाराजांनी दर शुद्ध चतुर्थीस चिंचवडहून मोरगावास जाण्याचा नेम केला. वद्य चतुर्थीस, म्हणजे संकष्टीस, ते थेऊरास जात, असेही परंपरा सांगते. ज्या क्षेत्री जन्म झाला ते शुक्ल पक्षासाठी आणि जेथे साधना फळास आली ते कृष्ण पक्षासाठी, अशी त्यांच्या महिन्याची मांडणी होती.

हा नेम किती कठीण होता, हे अंतरावरून ध्यानात येईल. चिंचवड ते मोरगाव हे अंतर आजच्या रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन दरमहा दीडशे किलोमीटरांहून अधिक चाल होई. वर्षाच्या बारा व अधिक मास आल्यास तेरा चतुर्थी धरल्या, तर एकट्या मोरगावच्या यात्रेची चाल वर्षाला दोन हजार किलोमीटरांच्या घरात जाते. उन्हाळा, पाऊस, नद्यांचे पूर यांपैकी कशासाठीही तिथी थांबत नाही.

सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. शुद्ध चतुर्थीस चंद्राची कोर बारीक असते व रात्र फार न चढता ती मावळते. त्यामुळे अमावास्येनंतर मोरगावच्या वाटेला लागणाऱ्या यात्रिकास जातानाच्या रात्री बहुतेक काळोख्या मिळतात. दर्शन घेऊन पंचमीस परतू लागले म्हणजे मात्र चांदणे रोज थोडे थोडे वाढत जाते. संकष्टीचे याउलट आहे. त्या दिवशी चंद्र सूर्यास्तानंतर बराच उशिरा उगवतो व उपवास करणाऱ्यास त्याची वाट पाहत बसावे लागते. एका चतुर्थीस चालावयाचे, दुसरीस थांबून वाट पाहावयाची, असे हे दुहेरी व्रत आहे.

पदरचना

महाराजांनी मराठीत पदे रचली. श्रीमयूरेश्वराची ओढ, त्याच्या रूपाचे वर्णन आणि कृपेची याचना हे त्यांचे विषय होत. शास्त्रार्थ सांगण्यापेक्षा आर्ततेने देवास आळविणे हा त्यांचा स्वभाव आहे. ही पदे चिंचवड येथे धुपारतीच्या वेळी आजही म्हटली जातात. महाराजांनंतर त्यांच्या वंशजांनीही पदे रचून ही परंपरा पुढे चालविली.

महिन्यामागून महिने तीच वाट आणि तोच देव असता भाव शिळा कसा झाला नाही, असे कोणास वाटेल. पण दर महिन्यास यात्रिक थोडा बदललेला असतो. मागील चतुर्थीस जी चिंता देवापुढे ठेविली, तिचे पुढे काय झाले, हे पाहण्याची संधी पुढची चतुर्थी देते. व्रतास नियत तिथी असण्याचा हा मोठा लाभ आहे.

नेम चुकला तो दिवस

अशी अनेक वर्षे गेली. महाराज वृद्ध झाले. मन पूर्वीचेच होते, पण पाय साथ देईनासे झाले. एका चतुर्थीस ते मोरगावास पोहोचले तेव्हा फार उशीर झाला होता. मंदिराची दारे बंद झाली होती. सारे आयुष्य ज्या तिथीसाठी वेचले, त्या तिथीस देवाच्या दारी येऊनही पूजा घडणार नाही, असा प्रसंग त्यांच्यावर आला. थकलेले महाराज देवास आळवीत बाहेरच थांबले व तेथेच त्यांना झोप लागली.

पुढील कथा भाविक अशी सांगतात. स्वप्नात श्रीमयूरेश्वराने दर्शन देऊन त्यांस पूजा करण्यास सांगितले. आता या वयात एवढे कष्ट घेऊ नयेत, आपणच चिंचवडास येऊन राहू, असे आश्वासनही दिले. महाराज जागे झाले तो दारे उघडी होती. त्यांनी मनोभावे पूजा केली. पुढे कऱ्हा नदीत स्नान करीत असता त्यांच्या ओंजळीत श्रीगणेशाचा तांदळा आला. हाच देवाचा प्रसाद मानून त्यांनी तो चिंचवडास आणला व त्याची स्थापना केली. चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात भाविक ज्या श्रीमंगलमूर्तींचे दर्शन घेतात, त्या याच होत.

या कथेचा मर्मार्थ प्रत्येक यात्रेकरूने मनात धरावा असा आहे. महाराजांचा नेम त्यांच्या आळसाने मोडला नव्हता, तो देहाच्या मर्यादेने अडला होता. देवाने त्यांस नेम सोडावयास सांगितले नाही आणि देह झिजवावयासही सांगितले नाही. भक्त येऊ शकत नाही तेव्हा देव त्याच्या घरी जातो, एवढेच त्याने दाखविले. तिथीचे बंधन हे माणसाला देवाजवळ आणण्यासाठी आहे. ज्याला येणे शक्य नाही, त्याला दूर लोटण्यासाठी नाही.

समाधी

मार्गशीर्ष वद्य षष्ठीस महाराजांनी चिंचवड येथे पवनेच्या तीरी संजीवन समाधी घेतली. म्हणजे त्या मासातील संकष्टी चतुर्थी होऊन अवघ्या दोन तिथी लोटल्या होत्या. समाधीवरील मंदिराचे बांधकाम इ. स. १६५८-५९ च्या सुमारास झाले. दरवर्षी मार्गशीर्षात येथे समाधी महोत्सव भरतो व त्यास दूरदूरचे भक्तगण उपस्थित राहतात.

महाराजांनंतर

श्रीचिंतामणी महाराजांच्या ठिकाणी संत तुकाराम महाराजांना साक्षात देवाचे दर्शन झाले व तेव्हापासून या घराण्यास देव हे उपनाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. महाराजांपासून सात पिढ्या श्रीगणेशाचा अंश या वंशात नांदेल, असा वर असल्याचे भाविक मानतात. संस्थानास राजे, सरदार व सामान्य दाते यांच्या दानाचा आधार लाभला. मोरगाव, थेऊर व सिद्धटेक या तीन अष्टविनायक क्षेत्रांची व्यवस्था चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे.

महाराजांची यात्राही थांबलेली नाही. दरवर्षी भाद्रपद व माघ या दोन महिन्यांत श्रीमंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावास जाते. महाराजांना भेटावयास मोरगावचे देव चिंचवडास आले. आता चिंचवडचे देव वर्षातून दोनदा मोरगावास भेटावयास जातात.

भाविकांसाठी

ज्यांना महाराजांचे स्मरण ठेवून चतुर्थीचे व्रत करावयाचे असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

शुद्ध चतुर्थी ही विनायकी चतुर्थी होय. तिच्यात मध्यान्हकाळचे पूजन मुख्य आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्रदर्शन न करण्याची प्रथा आहे. वद्य चतुर्थी ही संकष्टी होय. तिच्यात दिवसभर उपवास करून चंद्रोदयानंतर चंद्रास अर्घ्य द्यावे, श्रीगणेशास नैवेद्य दाखवावा व मग भोजन करावे. संकष्टी मंगळवारी आली म्हणजे तीस अंगारकी म्हणतात. चंद्रोदयाची वेळ गावागणिक काही मिनिटांनी बदलते, म्हणून वर्सोव्यातील भाविकांनी पंचांगातील मुंबईची वेळ पाहावी. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र न दिसल्यास पंचांगातील वेळ प्रमाण मानून अर्घ्य द्यावे.

चंद्रोदयापूर्वीचा थोडा वेळ शांतपणे बसून गेल्या महिन्याचा आढावा घेण्यात घालवावा. काय साधले, कोठे चुकले, कोणाचे मन दुखावले, याचा विचार करावा. ज्यांना लिहिण्याची वा गायनाची आवड आहे, त्यांनी ती सेवा या दिवशी अवश्य करावी. वृद्ध, आजारी व औषधे घेणाऱ्या भाविकांनी वैद्यकीय सल्ल्याने फलाहार घ्यावा अथवा केवळ पूजा व नामस्मरण करावे. मोरगावच्या दारी थकून निजलेल्या महाराजांची कथा आठवली म्हणजे त्यात काही न्यून राहिले असे वाटणार नाही.

चिंचवड येथे जाण्यासाठी वर्सोव्याहून २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपर व तेथून लोकलने दादर गाठावे. पुण्याकडे जाणाऱ्या काही रेल्वेगाड्या चिंचवड स्थानकात थांबतात. श्रीमंगलमूर्ती वाडा व पवनातीरावरील समाधिमंदिर ही दोन्ही स्थाने चिंचवड गावात आहेत. मोरगावास जाणाऱ्यांनी पुण्याहून सासवड-जेजुरी मार्गे जावे. महाराजांच्या यात्रेची आठवण म्हणून जेजुरीनंतरचा थोडा रस्ता तरी शक्य असल्यास पायी चालावा.

ज्यांना हा प्रवास घडणार नाही, त्यांनी येत्या संकष्टीस आपल्याच अंगणातून अथवा गच्चीवरून चंद्रोदय पाहावा व महाराजांस मनोमन वंदन करावे. ही चतुर्थी चुकली तरी खंत करू नये. साडेएकोणतीस दिवसांनी ती पुन्हा येतेच.

॥ शुभं भवतु ॥