डार्विनने गवताला घातलेली टोपी

डार्विन म्हटलं की आपल्याला माकड आठवतं. मलाही तेच आठवायचं. पण गेल्या पावसाळ्यात प्रॅक्टिकलसाठी गुलाबाच्या काड्या मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून लावल्या, आणि घाईत निम्म्या उलट्या खोचल्या. त्या सगळ्या वाळल्या. पावडर तीच, माती तीच. मग असं का? उत्तर शोधता शोधता मी म्हाताऱ्या डार्विनपर्यंत पोचले.

१८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूझबरीत जन्म. डॉक्टरकी अर्धवट सोडली. वडिलांनी पाद्री व्हायला केंब्रिजला धाडलं, तर स्वारी बीगल जहाजावर पाच वर्षं जग फिरून आली. १८४२ पासून मुक्काम डाउन या खेड्यात, तब्येत कायम नाजूक. १८७६ मध्ये मुलगा फ्रान्सिसची बायको बाळंतपणात गेली. तान्ह्या बाळाला घेऊन तो घरी परतला, आणि बापलेक मिळून झाडांवर प्रयोग करू लागले.

टोपी घालणं म्हणजे फसवणं, असं आपण म्हणतो. यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांना खरीच टोपी घातली. शेंडा झाकला, तर कोंब उजेडाकडे वळेना. शेंडा उघडा ठेवून बुडखा काळ्या वाळूत पुरला, तरी तो वाकला. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला, वाकतं खालचं अंग. मधून काहीतरी खाली जातं. १८८० मध्ये हे पुस्तकात छापलं. जर्मनीतले मोठे शास्त्रज्ञ झाक्स यांनी त्यातल्या प्रयोगांची हेटाळणी केली. १८८२ मध्ये डार्विन वारले. ते 'काहीतरी' त्यांना दिसलंच नाही.

पुढे १९२६ च्या सुमारास हॉलंडमध्ये वेंट यांनी कोंबाचे शेंडे अगारच्या वडीवर ठेवले. मग ती वडी शेंडा कापलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवली. अंधारातही कोंब वाकला! शेंड्यातला रस वडीत उतरला होता. तेच ऑक्सिन.

माझ्या पावडरीतही त्याच जातीचं संप्रेरक. पानाच्या मेणचट सालीतून ते कष्टानं शिरतं, कापलेल्या जागेतून सहज. आत गेल्यावर पेशीपेशीतून शेंड्याकडून बुडख्याकडे सरकतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. काडी उलटी केली तरी ते दिशा बदलत नाही. माझ्या काड्यांचे बुडखे वर हवेत होते!

आमच्या लॅबमध्ये काहीच नाही, ही माझी नेहमीची कुरकुर. डार्विनकडे तर घर, गवत आणि वाळू होती. यंदा मी काड्यांचा बुडखा तिरका कापलाय, शेंडा सरळ. आता चूक होणार नाही.