पावसाचा स्वामी : रुडॉल्फ काराचोला

मोटारींच्या शर्यतीचे नाव निघताच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो वेग. परंतु वेगाच्या याच खेळात एक पुरुष असा होऊन गेला की, ज्याची कीर्ती वेगापेक्षाही संयमावर आधारलेली आहे. आभाळ भरून आले, रस्ता चकाकू लागला, की जेथे इतरांच्या मोटारी घसरत, तेथे त्याची मोटार रेषेवरून ओढल्यासारखी पुढे जाई. म्हणून जर्मन लोकांनी त्याला ‘रेगेनमाइस्टर’, म्हणजे पावसाचा स्वामी, असे नाव दिले. त्याचे खरे नाव रुडॉल्फ काराचोला.

र्‍हाइन नदीच्या काठी रेमागेन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे हॉटेल चालविणाऱ्या एका कुटुंबात ३० जानेवारी १९०१ रोजी त्याचा जन्म झाला. आडनाव इटालियन वळणाचे असले तरी घराणे जर्मनीतच स्थायिक झालेले होते. रुडॉल्फचे चित्त हॉटेलाच्या धंद्यात रमले नाही. त्याचा ओढा यंत्रांकडे. आखेन शहरातील फाफ्निर या मोटारींच्या कारखान्यात तो उमेदवारी करू लागला. पुढे ड्रेस्डेन शहरी जाऊन १९२३ मध्ये त्याने मर्सेडिस मोटारींच्या कंपनीत विक्रेत्याची नोकरी धरली. दिवसा मोटारी विकाव्यात आणि संधी मिळेल तेव्हा शर्यतीत भाग घ्यावा, असा त्याचा क्रम होता.

११ जुलै १९२६ हा दिवस त्याच्या आयुष्यास कलाटणी देणारा ठरला. बर्लिनजवळील आव्हुस नावाच्या रस्त्यावर जर्मनीची पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत होती. कंपनीचा अधिकृत संघ स्पेनमधील शर्यतीच्या तयारीत होता, म्हणून पंचवीस वर्षांच्या या तरुणाने खासगी स्पर्धक म्हणून उतरण्याची परवानगी मिळविली आणि कंपनीची एक मोटार पदरात पाडून घेतली. निशाण पडले आणि त्याची मोटार जागीच बंद पडली! शेजारी बसणारा यंत्रज्ञ ऑयगेन साल्त्सर याने खाली उडी टाकून ती ढकलली. तोवर इतर सर्व मोटारी दूर गेल्या होत्या. थोड्याच वेळात पावसाच्या सरी कोसळू लागल्या. मर्सेडिसचाच दुसरा चालक आडोल्फ रोझेनबर्गर याची मोटार घसरून वेळ नोंदविणाऱ्यांच्या खोलीवर आदळली व तीन जणांना प्राण गमवावे लागले. काराचोला मात्र धिम्या हाताने मोटार चालवीत राहिला. मध्ये थांबून त्याला इंजिनाचा एक प्लगही बदलावा लागला. आपण कितवे आहोत, याची त्याला कल्पनाच नव्हती. शर्यत संपली, तेव्हा आपणच पहिले आल्याचे त्याला कळले.

हे त्याला कसे साधले, हे समजण्यासाठी ओल्या रस्त्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मोटार कितीही मोठी असो, ती रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा टेकू सुमारे तळहाताएवढा. वेग वाढविणे, ब्रेक लावणे आणि वळणे ही तिन्ही कामे एवढ्याशा रबराच्या घर्षणावर चालतात. जणू घरातील ठरावीक मिळकतच ती! ब्रेकसाठी अधिक खर्च केली, तर वळण्यासाठी कमी उरते. पाऊस ही मिळकतच कमी करतो. पहिल्या सरींत तर रस्त्यावरील धूळ, तेल आणि पाणी यांचे निसरडे मिश्रण बनते. पाणी साचले आणि वेग जास्त असला, तर टायरला ते बाजूला सारण्यास वेळच मिळत नाही. चाक पाण्याच्या थरावर चढते, आणि मग सुकाणू कितीही फिरविले तरी मोटार सरळच जाते. टायरच्या खाचा याच पाण्याला वाट करून देण्यासाठी असतात. आजच्या मोटारीच्या नव्या टायरला या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, आणि अनेक देशांत १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. पावसात पाण्यामुळे रबर थंड राहते व टायर कमी झिजतो, पण आधी उन्हात झिजलेला टायर पावसातच घात करतो.

काराचोलाने ही मिळकत कधी उधळली नाही. हिसका नाही, एकदम ब्रेक नाही, पायाची धसमुसळ नाही. १९२९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील आर्ड्‌सच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही स्पोर्ट्‌स मोटारींची शर्यत झाली. त्याची ७ लिटर इंजिनाची मर्सेडिस म्हणजे धिप्पाड हत्तीच. नियमाप्रमाणे लहान मोटारींना आधीच सूट दिलेली होती, आणि वर पाऊस. तरीही तोच जिंकला. १९३१ मध्ये इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ ही सुमारे हजार मैलांची शर्यत जिंकणारा तो पहिला परदेशी चालक ठरला. त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंगवर, भर पावसात, त्याने आपल्या जड मोटारीने हलक्या बुगाटी मोटारींना मागे टाकले. तेथील एक वर्तुळाकार खोलगट वळण आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

परंतु दैवाने त्याची परीक्षा कोरड्या रस्त्यावर घेतली. १९३३ मध्ये मोनाको येथे सराव करीत असता ब्रेकने दगा दिला आणि मोटार भिंतीवर आदळली. उजव्या मांडीचे हाड मोडले. पाय कायमचा सुमारे ५ सेंटिमीटर आखूड झाला. तो बरा होत असतानाच, फेब्रुवारी १९३४ मध्ये, त्याची पत्नी शार्लोट स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातात मृत्यू पावली. असा मनुष्य पुन्हा सुकाणूला हात लावील, असे कोणास वाटले असते? पण तो परतला. दुखऱ्या पायाने त्याने १९३५, १९३७ आणि १९३८ अशी तीन वर्षे युरोपचे अजिंक्यपद मिळविले.

१९३५ मध्ये आफ्रिकेतील त्रिपोलीच्या तापलेल्या रस्त्यावर टायर जळून जात होते. आघाडीवरील आकिले वार्झीला टायरनेच ऐन शेवटी रोखले, आणि काराचोला जिंकला. पुढील वर्षी मोनाकोत याच्या उलट स्थिती होती. रस्त्यावर पाऊस, त्यात एका मोटारीतून सांडलेले तेल. आरंभीच अनेक मोटारी एकमेकींवर आदळल्या. काराचोला त्यांतून निभावला आणि पहिला आला.

तरीही पाऊस त्याचा दास नव्हता, हे येथे सांगितलेच पाहिजे. २५ जून १९३९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे धो धो पावसात शर्यत चालली होती. ला सूर्स या वळणावर खुद्द काराचोलाची मोटार गरकन फिरली आणि त्याची शर्यत संपली. त्याच्याच संघातील रिचर्ड सीमन हा इंग्रज तरुण आघाडीवर होता. त्याची मोटार घसरून झाडावर आदळली व पेटली, आणि त्याच रात्री त्याचा अंत झाला. नियम दोघांनाही एकच होता. रस्ता नाव विचारीत नाही. महिन्याच्या आतच, २३ जुलैला, काराचोलाने पावसात जर्मन ग्रां प्री सहाव्यांदा जिंकली.

त्याच्या चरित्राची एक काळोखी बाजूही आहे. त्या काळात जर्मनीत नाझींची सत्ता होती, आणि या विजयांचे ढोल ती आपल्या प्रचारासाठी बडवीत असे. काराचोला नाझी पक्षाचा सभासद नव्हता. परंतु शर्यतीच्या चालकांना सत्तेच्या मोटार दलात सामील व्हावे लागे, तसा तोही झाला होता. २८ जानेवारी १९३८ रोजी त्याने महामार्गावर ताशी ४३२.७ किलोमीटर वेग गाठला. सार्वजनिक रस्त्यावरील हा उच्चांक २०१७ पर्यंत टिकला. मात्र त्याच दिवशी तो मोडण्याच्या प्रयत्नात, वाऱ्याच्या झोताने मोटार भरकटून, बेर्न्ट रोझेमायर हा प्रतिस्पर्धी मरण पावला. विजयाच्या गजरामागे किती किंमत दडलेली असते, याचे भान वाचकाने ठेवणे इष्ट.

युद्धानंतर १९४६ मध्ये इंडियानापोलिस येथे सरावात डोक्याला भयंकर मार बसून तो दिवसच्या दिवस बेशुद्ध होता. १९५२ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, मिल्ले मिलियात तो चौथा आला. त्याच वर्षी बर्न येथे चाके जाम होऊन मोटार झाडावर आदळली, डावा पाय मोडला आणि शर्यतींचा कायमचा निरोप घ्यावा लागला. २८ सप्टेंबर १९५९ रोजी कासेल येथे त्याचे निधन झाले. स्वित्झर्लंडमधील लुगानो, जेथे तो अनेक वर्षे राहिला, तेथेच त्याला चिरविश्रांती मिळाली.

विद्यार्थिमित्रहो, त्याच्यासारखी मोटार आपणांपैकी क्वचितच कोणाच्या हाती येईल. पण मृगाच्या पहिल्या सरीत चकाकणारा रस्ता आणि पायाखालची सायकल आपणा सर्वांच्या वाट्याला येते. त्या वेळी टायरच्या खाचा एकदा बोटाने चाचपून पाहाव्यात, आणि उताराच्या वळणावर पोचण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळणावर पोचल्यावर कमी करू म्हणणाऱ्यास रस्ता उसनवारी देत नाही. काराचोलाचे सारे कौशल्य या एका वेळेवर केलेल्या हिशोबात होते.