जगाचा नागरिक : थॉमस पेन



महात्मा फुले यांच्या जयंतीला भाषणात एक वाक्य हमखास येते, की जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेन यांचे पुस्तक वाचले. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो. पण हे पेन कोण, कुठले, त्यांनी असे काय लिहिले की पुण्यातल्या एका माळ्याच्या पोराला त्यातून बळ मिळाले, हे कुणी सांगत नाही. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात मांडतो.

थॉमस पेन यांचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड गावी झाला. वडील चोळ्या शिवायचे. त्या काळी तिकडच्या बायका देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या घातलेल्या कडक चोळ्या अंगाला आवळून बांधीत, तो हा धंदा. तेराव्या वर्षाच्या सुमारास थॉमसची शाळा सुटली आणि पोरगा बापाच्या हाताखाली सुई-दोरा घेऊन बसला. कॉलेज नाही, डिग्री नाही. पुढे जे काही शिकले ते स्वतः वाचून आणि टक्केटोणपे खाऊन. काही दिवस जहाजावर काढले, पुन्हा शिवणकाम केले, मग अबकारी खात्यात नोकरी धरली. पहिली बायको लग्नानंतर वर्षभरात वारली.

अबकारी नोकरांचा पगार इतका तुटपुंजा, की त्यात घोड्याचा खर्चसुद्धा स्वतःच करायचा. १७७२ साली पेन यांनी सर्व नोकरांच्या वतीने पगारवाढीचे निवेदन लिहिले, लंडनला जाऊन पार्लमेंटच्या सभासदांना वाटले. कुणी दाद दिली नाही. उलट १७७४ साली रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढले. दुकानातले सामान लिलावात गेले, दुसरा संसारही मोडला. निवेदन घेऊन साहेबाच्या दारात उभे राहणाऱ्याचे काय होते, हे गिरणगावात कुणाला सांगायला नको. माझ्या मते पेन यांच्या तत्त्वज्ञानाचा पहिला धडा इथेच झाला. ज्याला राज्यकारभारात मत नाही, त्याच्या अर्जाला किंमत नाही.

सदतिसाव्या वर्षी, बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन ते अमेरिकेला निघाले. जहाजावर तापाने इतके खंगले, की फिलाडेल्फियाच्या बंदरात त्यांना उचलून उतरवावे लागले. अमेरिका तेव्हा इंग्रज राजाच्या ताब्यात होती. जानेवारी १७७६ मध्ये त्यांनी 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका काढली. जन्मावरून कुणी राजा आणि कुणी प्रजा, हे अक्कलेला पटते का, असा साधा सवाल त्यात केला. भाषा अशी, की लोहाराला नि शेतकऱ्यालाही कळावी. पुस्तिका हातोहात खपली. आपल्या वाट्याचा पैसा त्यांनी सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला. सहा महिन्यांत, ४ जुलै १७७६ रोजी, अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला.

दुसरा कुणी असता तर तिथेच मानाने राहिला असता. पण पेन यांचा विचार एका देशापुरता नव्हता. फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती झाली आणि तिच्या बाजूने त्यांनी १७९१ व १७९२ साली दोन भागांत 'राईट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ लिहिला. त्यातला गाभा असा, की मेलेल्या पिढीला जिवंत पिढीवर राज्य करण्याचा हक्क नाही. पूर्वजांनी लिहून ठेवले म्हणून आजच्या माणसाने गुलाम राहायचे कारण नाही. बंधूंनो, मनूचा कायदा दुसरे काय होता? मेलेल्यांनी जिवंतांवर चालवलेले राज्यच होते ते!

त्याच ग्रंथात त्यांनी जगाचा हिशेब मांडला. लढाया राजे करतात आणि कर गरीब भरतो. देशोदेशी लोकांचे प्रतिनिधी राज्य करू लागले तर लढाईचे कारणच कमी होईल. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड यांनी करार करून आरमारे एक दशांशावर आणावीत. वाचलेल्या पैशातून गरिबाच्या मुलाला वर्षाला चार पौंड, पन्नाशीनंतर म्हाताऱ्यांना सहा पौंड आणि साठीनंतर दहा पौंड द्यावेत, आणि ही भीक नव्हे, हक्क समजावा. लोकशाही म्हणजे नुसते मत नव्हे, पोटाला भाकरही, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

इंग्लंडच्या सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. तो चालला तोवर ते फ्रान्सला पोचले होते. तिथे लोकांनी त्यांना राष्ट्रीय सभेवर निवडून दिले होते, आणि गंमत म्हणजे त्यांना फ्रेंच भाषा बोलता येत नव्हती! जानेवारी १७९३ मध्ये राजा सोळावा लुई याला मारायचे की नाही, हा प्रश्न सभेपुढे आला. जन्मभर राजेशाहीविरुद्ध लिहिणारा हा माणूस उभा राहिला आणि राजाला मारू नका, अमेरिकेला पाठवून द्या, असे सांगू लागला. राजेशाही मोडायची होती, माणूस मारायचा नव्हता. वैराने वैर शमत नाही ही भगवान बुद्धांची शिकवण त्यांनी वाचली नसेल, पण वागले तसेच.

त्याची किंमत मोजावी लागली. डिसेंबर १७९३ मध्ये परदेशी म्हणून त्यांना पॅरिसच्या तुरुंगात टाकले. दहा महिने ते मरणाच्या छायेत होते. तुरुंगात जाता जाता त्यांनी 'एज ऑफ रीझन'चे हस्तलिखित मित्राच्या हवाली केले. ते निर्माता मानीत, आपण मानीत नाही, हा फरक आहे. पण धर्मग्रंथ आणि पुरोहित यांच्यापेक्षा स्वतःच्या बुद्धीवर विसंबावे, ही त्यांची भूमिका आपल्या जवळची आहे.

१८०२ साली ते अमेरिकेला परतले. ज्या देशासाठी लेखणी झिजवली, तिथले लोक धर्मावर लिहिल्यामुळे तोंड फिरवू लागले. १८०६ साली न्यू रोशेल गावी ते मत द्यायला गेले, तेव्हा तुम्ही इथले नागरिक नाही म्हणून त्यांना परत पाठवले. इंग्लंडने गुन्हेगार ठरवले, फ्रान्सने परका ठरवले, अमेरिकेने मत नाकारले. सारे जग आपला देश मानणाऱ्याला एकाही देशाने जागा ठेवली नाही. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. क्वेकर पंथीयांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. मातीला मोजकीच माणसे होती.

पण विचार मातीत गेला नाही. १८४७ साली 'राईट्स ऑफ मॅन' पुण्यात जोतीरावांच्या हाती आले. दुसऱ्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती जोतीरावांनी, काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. आपले दुःख जगाच्या दुःखाशी जोडायची ही दृष्टी. त्याच जोतीरावांना बाबासाहेबांनी आपले गुरू मानले.

आज संयुक्त राष्ट्रसंघ आहे, पण सुरक्षा समितीत पाच देशांच्या हाती नकाराधिकार आहे. जगाची लोकशाही अजून व्हायची आहे. ती आपण काय करणार, असे कुणी म्हणेल. सुरुवात वस्तीतून होते. आपले बापजादे पोटासाठी मुंबईत आले, तेव्हा तेही परकेच होते. आज परप्रांतातून आलेला मजूर शेजारी राहतो, त्याला आपण 'आपल्यातला नाही' म्हणून दारातून परत पाठवतो का, हे ज्याने त्याने तपासावे. तसे करत असू, तर न्यू रोशेलच्या त्या अधिकाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय?

सर्वांप्रती मैत्री, हीच जगाच्या लोकशाहीची पहिली पायरी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!