रखडलेल्या ग्रंथांचा धनी

गुंतवलेले भांडवल लवकर मोकळे व्हावे, हा व्यापाराचा साधा नियम. पॅरिसचे चित्रविक्रेते आंब्रवाझ व्होलार यांनी मात्र चित्रांतून मिळवलेला पैसा वर्षानुवर्षे ग्रंथांत अडकवून ठेवला.

१८६६ साली रेयुनियों बेटावर जन्मलेले व्होलार कायद्याच्या अभ्यासासाठी फ्रान्समध्ये आले आणि चित्रांच्या व्यवसायात रमले. १८९५ मध्ये त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनाने उपेक्षित सेझान प्रकाशात आले. चित्रविक्रीतून आलेला नफा ग्रंथप्रकाशनाकडे वळला. १९०० साली व्हेर्लेन यांचा काव्यसंग्रह बोनार यांच्या शिलामुद्रित चित्रांसह अवघ्या २०० प्रतींत निघाला. लाकडी ठशांवरील कोरीव चित्रांना सरावलेल्या संग्राहकांनी त्याकडे पाठ फिरवली. तरीही ग्रंथचित्रे धंदेवाईक कारागिराने नव्हे, तर थोर चित्रकाराने घडवावीत, हा आग्रह व्होलार यांनी सोडला नाही.

१९३१ मध्ये बाल्झाक यांची कथा पिकासो यांच्या चित्रांसह ३४० प्रतींत प्रसिद्ध झाली. ला फोंतेन यांच्या बोधकथांसाठी त्यांनी रशियात जन्मलेले शागाल निवडले, तेव्हा फ्रेंच संसदेतही नापसंतीचे सूर उमटले. शागाल यांनी चित्रे पुरी केली. पण व्होलार यांच्या हयातीत ग्रंथ निघालाच नाही. परिपूर्णतेच्या ध्यासापायी कामे रखडत गेली आणि १९३९ मध्ये मोटार अपघातात व्होलार यांचा अंत झाला. शागाल यांचे तीन ग्रंथ पुढे तेरियाद यांनी १९४८ ते १९५६ या काळात प्रकाशित केले.

या सचोटीला दुसरी बाजूही आहे. १९१७ मध्ये व्होलार यांनी रूओ यांच्या चित्रशाळेतील शेकडो अपुरी चित्रे एकगठ्ठा विकत घेतली. रूओ यांना उपजीविका लाभली, पण हात बांधले गेले. व्होलार यांच्या पश्चात त्यांच्या वारसांशी खटला लढून रूओ यांनी १९४७ मध्ये अपुऱ्या चित्रांवरील आपला हक्क मिळवला आणि पुढच्याच वर्षी त्यांतील ३१५ चित्रे स्वहस्ते जाळली.

प्रती मोजक्या ठेवल्याने वस्तू दुर्मिळ होते. श्रेष्ठ होतेच असे नाही. व्होलार यांच्या ग्रंथांना श्रेष्ठत्व दिले ते थांबण्याची तयारी असलेल्या भांडवलाने. परंतु त्या थांबण्याचे मोल केवळ भांडवलदाराने मोजले नाही, कलावंतानेही मोजले. कलेच्या आश्रयदात्याचा गौरव करताना हा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे.