दोन आण्यांचे पाकीट आणि मध्यरात्रीचे विमान

मुंबईत वडाळा-शिवडी भागातून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला रफी अहमद किडवई मार्ग म्हणतात. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना हे किडवई कोण ते सांगता येईल? रस्त्याला नाव दिले की त्या माणसाला विसरायला आपण मोकळे! इतरांचे जाऊ द्या, पण नागपूरकरांनी तरी हे नाव विसरू नये. कारण आज ज्या कल्पनेवर 'मिहान' उभे आहे, ती कल्पना सोनेगावच्या धावपट्टीवर प्रत्यक्षात आणून दाखवली ती या गृहस्थाने, आणि तीही १९४९ साली.

मिहानची कथा आपण सारेच जाणतो. नागपूर देशाच्या मध्यभागी. तेव्हा चारी दिशांची विमाने इथे यावीत, मालाची अदलाबदल व्हावी आणि शहराचे भाग्य उजळावे, असा तो विचार. त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या जमिनी गेल्या. तिथे आज विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र आहे, संगणक कंपन्या आहेत, एम्ससारखे रुग्णालय आहे. पण 'चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटतात' हे दृश्य पाहायचे असेल, तर काळाची पाने उलटून तीस जानेवारी १९४९ या दिवशी जावे लागेल. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. त्याच रात्री देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली.

योजना ऐकायला अगदी सोपी होती. संध्याकाळी पेट्यांत पडलेली पत्रे घेऊन मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. सातशे ते हजार किलोमीटरचे अंतर तोडून ही चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत. मुंबईची थैली मद्रासच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या, दिल्लीची कलकत्त्याच्या. अशी देवघेव झाली की विमाने आल्या वाटेने परत फिरत आणि उजाडता उजाडता आपापल्या गावी पोहोचत. सारे नागपूर गाढ झोपेत असताना देशाची खबरबात त्याच्या उशाशी येऊन वाटली जात होती!

याचे मोल कळायला तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. आकाशवाणीचे नागपूर केंद्र नुकतेच, १९४८ साली सुरू झाले होते; पण रेडिओ असलेली घरे मोजकीच, आणि त्याचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. टेलिफोन साहेबाच्या बंगल्यावर किंवा बड्या पेढीवर. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचे. तार आली की ती उघडण्यापूर्वीच घरातल्या बाईमाणसांच्या डोळ्यांना पाणी येई. अशा दिवसांत घरोघरची खरी बातमी म्हणजे पोस्टमनने आणलेले पत्र. मुलगा परीक्षेत पास झाला का, लेक सुखरूप बाळंत झाली का, नोकरीचे बोलावणे आले का, सरकीचा भाव काय निघाला, सगळे त्यातच! मुंबईहून कलकत्त्याला किंवा दिल्लीहून मद्रासला आगगाडीने पत्र जायचे म्हणजे दोन-दोन रात्री प्रवासातच जात. ते आता एका रात्रीत जाऊ लागले.

पण किडवईंनी केलेली खरी करामत पुढेच आहे. विमानाने पत्र पाठवणे ही तोवर पैसेवाल्यांची चैन होती. त्यासाठी जादा आकार भरावा लागे. एप्रिल १९४९ पासून हा जादा आकार रद्द झाला. विमानाने लवकर पोहोचणार असेल, तर देशातले साधे टपालही विमानानेच जाईल, असा नियम झाला. त्या सुमारास पाकिटाचा दर दोन आण्यांवर गेला आणि कार्ड नऊ पैला झाले, ही दरवाढ लोकांना जाणवली, हे खरे. पण गिरणीमालकाचे पत्र आणि गिरणीकामगाराचे पत्र एकाच थैलीतून, एकाच विमानाने जाऊ लागले, हेही तितकेच खरे.

त्याच काळातल्या अमेरिकेशी तुलना करून पाहा. महायुद्धानंतरची ती अमेरिका म्हणजे दारात मोटार, स्वयंपाकघरात शीतकपाट आणि बैठकीत नव्याने आलेला दूरचित्रवाणी संच, असे तिचे चित्र आपल्याकडे रंगवले जाई. त्या अमेरिकेत १९४९ साली साधे पत्र तीन सेंटात जाई, ते आगगाडीने. विमानाने पाठवायचे तर सहा सेंट मोजा! साधी पत्रे विमानाने नेण्याचा प्रयोग तिथल्या टपालखात्याने सुरू केला तो ऑक्टोबर १९५३ मध्ये, आणि तोही न्यूयॉर्क व वॉशिंग्टनहून शिकागोपर्यंतच. आणि आपल्याकडे ज्या डाकोटा विमानांवर हा डोलारा उभा होता, ती त्याच अमेरिकेत बनलेली! युद्ध संपल्यावर नको झालेली ही विमाने स्वस्तात विकायला निघाली होती. आपल्या नव्या विमान कंपन्यांनी ती घेतली, डागडुजी केली आणि उडवली.

हे सारे घडवणारा माणूस कसा होता? रफीसाहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा, संयुक्त प्रांतातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावचा. घराणे जमीनदाराचे. काका विलायत अली हे वकील आणि राष्ट्रीय विचारांचे. त्यांच्या हाताखाली पुतण्या घडला. अलीगढला पदवी घेऊन कायद्याचा अभ्यास चालू असताना असहकाराची हाक आली. पुस्तके मिटली आणि तुरुंगाची वाट धरली. पुढे ते पंडित मोतीलाल नेहरूंचे चिटणीस झाले. १९२६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेल्यावर स्वराज्य पक्षाच्या सभासदांची जमवाजमव करण्याचे काम त्यांच्याकडे आले. भाषणे करण्यापेक्षा माणसे जोडण्यात त्यांना अधिक रस. १९३७ साली पंतांच्या मंत्रिमंडळात महसूल आणि तुरुंग ही खाती त्यांच्याकडे आली. जमीनदाराच्या या मुलाने कुळांना संरक्षण देणारा कायदा पुढे रेटला.

फाळणीने त्यांच्या घरावरच घाव घातला. ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरीच्या दंगलीत त्यांचे धाकटे भाऊ शफी अहमद मारले गेले. शफींच्या पत्नी अनीसबेन दुःख गिळून दिल्लीत आल्या आणि निर्वासितांच्या छावण्यांत काम करू लागल्या. थोरले भाऊ त्या वेळी स्वतंत्र भारताचे दळणवळण मंत्री होते. सख्खा भाऊ द्वेषाला बळी पडलेला आणि स्वतःच्या टेबलावर टपाल, तार, टेलिफोन व विमाने यांच्या फायली! माणसे एकमेकांपासून तुटत चालली होती त्या दिवसांत माणसांना जोडणारे खाते या माणसाच्या वाट्याला यावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. खेडोपाडी टपाल कचेऱ्या काढण्याचा सपाटा त्यांच्याच काळात सुरू झाला. ग्राहकाकडून आधी ठोक रक्कम घेऊन टेलिफोन देण्याची योजनाही त्यांचीच.

मात्र किडवईंच्या प्रत्येक धाडसाला टाळ्याच पडल्या असे नाही. रात्रीच्या टपालसेवेला सर्वांत जोरदार विरोध केला तो जे. आर. डी. टाटा यांनी. ज्यांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला स्वतः टपालाचे विमान उडवत आणले, त्यांचा विरोध कानाआड करण्यासारखा नव्हता. रात्री विमाने उतरवायला लागणारी साधने आपल्या विमानतळांवर पुरेशी नाहीत, ती होईपर्यंत थांबा, असे टाटांचे म्हणणे. किडवई थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुसऱ्या कंपनीला काम दिले. काही महिन्यांतच ते अडखळले. त्याच वर्षी आणखी एका कंपनीने ते पुन्हा उभे केले. साऱ्या हवाई वाहतुकीची चौकशी करायला १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांची समिती नेमावी लागली. पुढे ऑगस्ट १९५३ मध्ये कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपूरने या सेवेची दुसरी बाजू पाहिली. मद्रासला निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. तेरा माणसे गेली. वैमानिक तेवढे वाचले. मृतांत कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. तेव्हा किडवई त्या खात्यात नव्हते, आणि एका अपघातावरून सगळ्या सेवेचा निकाल लावणे बरोबर नाही. तरीही टाटांची शंका केवळ एका उद्योगपतीची कुरकुर नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सकाळी दारात पडणाऱ्या त्या पाकिटामागे कुणीतरी रात्रभर जीव मुठीत धरून उडत होते.

किडवई तेव्हा अन्नमंत्री होते. १९५१ साली काँग्रेसमधल्या मतभेदांमुळे ते बाहेर पडले होते. परत आल्यावर मे १९५२ मध्ये त्यांच्या पदरी अन्नखाते पडले. ते खाते म्हणजे काट्यांचा मुकुट! युद्धकाळापासून लोक रेशनच्या रांगेत उभे होते. जानेवारी १९५१ मध्ये तर माणशी रोजचे धान्य बारा औंसांवरून नऊ औंसांवर आले होते, म्हणजे जेमतेम अडीचशे ग्रॅम. त्याच वर्षी अमेरिकेकडून गव्हासाठी एकोणीस कोटी डॉलर्सचे कर्ज घ्यावे लागले. काळा बाजार घरच्या पाहुण्यासारखा वावरत होता.

किडवईंचे निदान वेगळे होते. धान्य मुळात कमी आहेच, पण भीतीमुळे ते अधिकच दडले आहे. शेतकरी दडवतो, व्यापारी दडवतो, आणि गृहिणीही चार पायल्या जास्तीच्या भरून ठेवते. भीती गेली तर धान्य आपोआप बाहेर येईल. म्हणून सरकारी कोठारांत साठा ठेवायचा आणि एकेक बंधन सैल करत जायचे. मद्रासमध्ये राजाजींनी १९५२ साली नियंत्रण उठवले, त्याला किडवईंनी पाठबळ दिले. १९५३ चा हंगाम चांगला गेला. जुलै १९५४ मध्ये तांदळावरचे नियंत्रणही गेले. भाव आकाशाला भिडतील ही भीती खोटी ठरली. उलट ते उतरले. पावसाने त्यांना साथ दिली, हे टीकाकारांचे म्हणणे खरेच होते. पुढच्या काही वर्षांत टंचाई आणि बंधने पुन्हा आली, हेही खरे. पण रेशनच्या रांगेतून सुटलेल्या बाईला तेव्हा वाटलेला हायसेपणा काही खोटा नव्हता.

टपाल आणि धान्य, वरवर पाहता दोन टोकांची खाती. पण दोन्हीकडे या माणसाची बुद्धी एकच चालली. अडवून ठेवण्याने टंचाई वाढते, वाहते ठेवले तर सर्वांना पुरते. आणि वाहते ठेवायचे ते शेवटच्या माणसाच्या दारापर्यंत.

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे साठ. मागे उरले काय, तर गावाकडचे मोडकळीस आलेले घर आणि कर्ज. दारी आलेल्या कार्यकर्त्याला, अडल्यानडल्याला हा माणूस पैसे देई. हातात नसले तर धनिकांकडून आणून देई. त्या देण्याघेण्याचा हिशेब ठेवण्याची सवय त्यांना नव्हती, हा दोष त्यांच्या चाहत्यांनीही लपवला नाही. परंतु त्यातले स्वतःच्या घरी काही गेले नाही, हे त्या पडक्या घराने सिद्ध केले.

मध्यरात्रीची ती विमाने त्यांच्या मागेही कितीतरी वर्षे नागपुरात भेटत राहिली. १९७० च्या दशकात ही सेवा थांबली. आणि योगायोग असा की, १७ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस गावी एका नव्या कंपनीची चौदा विमाने रात्री पार्सले घेऊन एकत्र येऊ लागली. पहिल्या रात्री जमली फक्त १८६ पार्सले. त्या फेडरल एक्स्प्रेसने पुढे जगभर व्यापार केला. एका मध्यवर्ती गावी रात्री सारी विमाने भेटवायची, हीच ती युक्ती. सोनेगावने ती चोवीस वर्षे आधी राबवली होती.

मिहानच्या नकाशावर आज पुन्हा तीच युक्ती मांडलेली आहे. धावपट्ट्या होतील, गोदामे होतील, मालवाहू विमानेही येतील. यावीतच. पण या माळावर पूर्वी उतरलेल्या विमानांत दोन आण्यांचे पाकीट होते आणि ते कुणाचेही असू शकत होते. शिवणगावच्या ज्या शेतकऱ्याने जमीन दिली, त्याची संत्री आणि त्याच्या मुलाची नोकरी या नव्या विमानांतून किती पुढे जाते, यावरच मिहानचा हिशेब मांडला पाहिजे.