बंगले दिले दुसऱ्यांना, स्वतः राहिले गोपुरीच्या झोपडीत! वर्ध्याच्या जमनालालजींची गोष्ट

वर्धा : सेवाग्रामला गेलेला माणूस बापूकुटी पाहतो, मोबाईलवर दोन फोटो काढतो अन् परत येतो. ही जागा आधी कोणाची होती, हे फार कमी जण विचारतात. तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं आणि इथली मालगुजारी होती सेठ जमनालाल बजाज यांच्याकडे.

जमनालालजी जन्मानं वर्ध्याचे नव्हते. राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास गावात ४ नोव्हेंबर १८८९ ला साध्या घरात त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे सेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. पोराच्या बदल्यात पैसा घ्यायला घरचे तयार नव्हते. गावात पाण्याची ओरड होती, म्हणून सेठजींनी तिथं विहीर बांधून दिली, असं सांगतात.

सतरा वर्षांचे असताना आजोबांशी खटका उडाला. लग्नाला दागिने घालून जायला पोरगा तयार नव्हता, आजोबा संतापले, पैशावरून नको ते बोलले. जमनालालजींनी साऱ्या इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं अन् घराबाहेर पडले. समजूत काढून त्यांना परत आणलं. थोड्याच दिवसांत आजोबा वारले आणि इस्टेट त्यांच्याकडेच आली. पण एकदा सोडलेला पैसा आपला नाही, आपण नुसते राखणदार, हे डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

गांधीजींना ते बापच मानत. त्यांच्या आग्रहामुळे १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि इथं आश्रम सुरू झाला. रायबहादूर ही पदवी त्यांनी त्याच काळात सरकारला परत केली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगातही गेले.

मग एकेक घर जाऊ लागलं. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघासाठी बगिच्यासह घर दिलं, तीच आजची मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले, तेव्हा जमीन जमनालालजींचीच. तिथं बंगला बांधणं त्यांना जड नव्हतं. पण गांधीजींची अट होती की घर गावच्या गरिबाला परवडेल असंच पाहिजे. म्हणून मातीच्या भिंती, बांबू अन् वर कवेलू. १९३८ मध्ये विनोबांची तब्येत ढासळली, तेव्हा पवनारला धाम नदीकाठचा बंगला त्यांना राहायला दिला. सेवाग्रामातलं आखरी निवास तर जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलं होतं. पुढं तेही गांधीजींच्याच कामी आलं.

जमीन-बंगला देणं त्यांच्यासाठी त्यामानानं सोपं होतं म्हणा. खरी परीक्षा १९२८ मध्ये झाली. घराण्यानं बांधलेलं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांना खुलं केलं. त्यासाठी आपल्याच समाजाचा रोष ओढवून घ्यावा लागला, पण ते मागं हटले नाहीत.

घरात जानकीदेवींनाही हे सारं सोसावं लागलं. श्रीमंताघरची सून, पण त्यांनी सोनं उतरवलं, पडदा सोडला, खादी घातली. नवऱ्यानं दिलं तेवढं सगळ्यांना दिसतं, बायकोनं काय सोडलं त्याची नोंद कमी होते.

१९४१ मध्ये जमनालालजींनी गोसेवेचं काम हाती घेतलं आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ ला अचानक त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले.

जानकीदेवींनी आपला वाटा गोसेवेला देऊन टाकला. पुढं विनोबांच्या भूदानात त्या फिरल्या. भूमिहीनाला जमीन मिळाली तरी पाण्यावाचून ती पिकणार कशी? म्हणून त्या लोकांकडून विहिरींसाठी दान मागायच्या. त्याला कूपदान म्हणत. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.